जर्मनचा एक, राज्यशास्त्राचे तीन

गेल्या पौर्णिमेला श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावी जाणे झाले. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मंडळी पांगू लागली. तेवढ्यात गावच्या अंगणवाडीतल्या ताई आपल्या लेकीला घेऊन आमच्यापाशी येऊन बसल्या. ताईंचे मालक एस.टी.त वाहक. मुलगी कला शाखेतून बारावी झालेली, गुण चांगले. तिला पुढे शिकायला पुण्याला जायचे आहे.

"भाऊ, तुम्हीच समजावून सांगा हिला," ताई म्हणाल्या. "पुण्याला जायला आमची ना नाही. पण ही म्हणते, जर्मन घेते आणि त्याच्या जोडीला राज्यशास्त्र घेते. आता या दोन्हीचा मेळ काय?"

मुलीचे मामा शेजारीच होते. ते नगरच्या एम.आय.डी.सी.त कामाला आहेत. त्यांनी आपले मत तिथल्या तिथे मांडले. "जर्मन शिकू द्या, त्याला भाव आहे. नर्सिंग केलं आणि भाषा आली तर दोन-तीन वर्षांत विमानात बसंल पोरगी. राज्यशास्त्राचं काय एवढं? ते पारावर फुकट मिळतं."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. खाली बघत एवढेच म्हणाली, "काका, पारावरचं ऐकून ऐकूनच तर नीट शिकावंसं वाटलं."

शिवाय एका महाविद्यालयात तिने चौकशीही केली होती. खिडकीवरच्या बाबूंनी सांगितले, की ही जोडी आमच्या वेळापत्रकात बसत नाही, दोन्हीपैकी एक काहीतरी सोडा. म्हणजे मामा म्हणतात राज्यशास्त्र सोड, आई म्हणते जमेल ते धर आणि महाविद्यालय म्हणते एकच घ्या. अशा वेळी आम्ही काय सांगावे?

आम्ही लगेच काही बोललो नाही, कारण आमची स्वतःची एक गोष्ट आम्हाला आठवली. पुण्यात शिकत असताना आम्हीही जर्मनच्या वर्गाचा अर्ज आणला होता. चार दिवस तो वहीत ठेवला आणि भरलाच नाही. फी फार नव्हती. पण त्या वर्गाबाहेर उभी असलेली मुले पाहिली आणि मनात आले, हे आपल्यासाठी नाही. कुणी आम्हाला अडवले नव्हते. आम्हीच आम्हाला अडवले. ती वही अजून घरी आहे, अर्ज मात्र केव्हाच हरवला.

म्हणून वाचकहो, त्या मुलीला दिलेले उत्तर आज इथे सविस्तर देत आहोत. अशा मुली आणि असे मामा आपल्या घरोघरी आहेत.

पहिली गोष्ट अशी, की ही जोडी आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी कोणकोणते अभ्यासक्रम घेतले याची नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. यादीच्या शेवटाकडे आपण सहसा लक्ष देत नाही. २९ हा आकडा भाषणात सांगितला जातो, शेवटचा एक राहून जातो.

पण त्या एका अभ्यासक्रमाचे पुढे काय झाले ते पाहा. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास चालू असताना १९२१ मध्ये बाबासाहेबांनी प्रशियाच्या शिक्षण खात्याकडे बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला, आणि तो जर्मन भाषेत केला. १९२२ च्या एप्रिलमध्ये बॉन विद्यापीठात त्यांचे नाव दाखलही झाले. तिथली पदवी त्यांनी घेतली नाही. लंडनचा प्रबंध पुरा करून १९२३ मध्ये ते मायदेशी परतले. पण ज्या मुलाला शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही आणि ज्याला त्याऐवजी फारसी घ्यावी लागली, त्याच मुलाने पुढे प्रशियाच्या सरकारला त्यांच्या भाषेत अर्ज लिहिला. मुलीला आम्ही सांगितले, बाळ, तुझी ही जोडी शंभर वर्षांपूर्वीची आहे. वेळापत्रकात बसत नसेल तर तो दोष जोडीचा नाही.

ताईंनी विचारले, "पण भाऊ, राज्यशास्त्र मराठीत आहे ना? मग त्याला जर्मन कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने नवे संविधान केले. त्याचा मसुदा बॉन शहरातच तयार झाला. संसदीय मंडळ तिथे १ सप्टेंबर १९४८ पासून बसत होते आणि २३ मे १९४९ रोजी ते संविधान जाहीर झाले. त्याचे पहिलेच कलम माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल आहे. ती प्रतिष्ठा अभंग आहे, तिचा आदर आणि रक्षण करणे हे साऱ्या राज्यसत्तेचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय. इंग्रजीतून वाचले तर आपण 'अभंग' किंवा 'अनुल्लंघनीय' असे काहीतरी समजतो आणि पुढे जातो. मूळ जर्मन शब्द आहे 'उनआनटास्टबार'. 'आनटास्टन' म्हणजे हात लावणे, चाचपणे. 'उन' म्हणजे नाही. तेव्हा त्या शब्दाचा अक्षरार्थ होतो, जिला हात लावता येत नाही अशी.

आता गंमत बघा. आपल्या लोकांना ज्या नावाने शतकानुशतके बाहेर ठेवले त्या नावाचे जर्मन भाषांतर आहे 'उनबेर्युरबार'. तेही हात लावण्याच्याच क्रियापदावरून, फक्त क्रियापद दुसरे. म्हणजे एकाच भाषेत दोन अस्पर्श्य शेजारी शेजारी उभे आहेत. एक माणूस, ज्याला इतरांनी शिवायचे नाही. दुसरी त्या माणसाची प्रतिष्ठा, जिला राजसत्तेनेही हात लावायचा नाही. पहिला शब्द माणसाला खाली ढकलतो. दुसरा माणसाभोवती कुंपण घालतो.

आणि तारखा पाहा. बॉनमध्ये ते मंडळ बसलेले असतानाच दिल्लीत आपली संविधान सभा बसलेली होती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी तिने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेच आजचे सतरावे कलम. दोन्ही देशांना आपापल्या इतिहासाचा डाग धुवायचा होता. जर्मनांनी प्रतिष्ठा अस्पर्श्य केली, आपण माणसाची अस्पृश्यता मोडली. दोन्ही कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचायची तर राज्यशास्त्र हवे आणि त्या शब्दाच्या पोटात शिरायचे तर जर्मन हवे. एकटे राज्यशास्त्र घेणाऱ्याला कलमाचा क्रमांक कळेल. एकटी भाषा घेणाऱ्याला शब्दाची फोड कळेल. दोन्ही घेणाऱ्याला कळेल, की हे कलम आपल्याबद्दलही आहे.

जर्मन भाषेतला प्रतिष्ठेचा शब्द आहे 'व्युर्ड'. तो मोल या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मराठीत 'प्रतिष्ठित मंडळी' म्हटले की गावातली चार घरे डोळ्यांपुढे येतात. 'व्युर्ड' अशी चार घरांची नसते. ती माणूस म्हणून जन्मल्याचे मोल आहे. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि बंधुता एकाच ओळीत आली आहेत, त्यातला अर्थही हाच.

मामा आता जरा सरसावून बसले. "हे पटलं. पण भाषा आली म्हंजे राज्यशास्त्र आपसूक कळंल की. दोन्हीवर वर्षं कशाला घालवायची?"

यावर आम्ही त्यांना त्यांच्याच नगरची गोष्ट सांगितली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदुस्थानात असलेल्या जर्मन लोकांना इंग्रज सरकारने धरून स्थानबद्ध केले. त्यांतल्या अनेकांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत आणले. पुढे तिबेटात जाऊन नाव कमावलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांच्यात होता. त्याच वर्षी डिसेंबरात याच जिल्ह्यात, त्या मुलीच्या तालुक्यातल्या हरेगावला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. एका जिल्ह्यात एकाच हिवाळ्यात या दोन गोष्टी चालू होत्या.

नगरच्या त्या छावणीत पुढे आणखी एक कैदी आला. लामा अनागारिक गोविंद. जन्म १८९८ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातला, मूळ नाव एर्न्स्ट लोथार हॉफमान. बुद्धाच्या वाटेने तो श्रीलंकेत आणि मग हिंदुस्थानात आला होता. १९३८ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्वही घेतले होते, तरी त्याला धरले. छावणीत सगळे जर्मन बोलणारे. जेवणाची हाक जर्मन, भांडण जर्मन, गाणी जर्मन. पण गोविंद हिटलरशाहीच्या विरुद्ध होता आणि ते लपवत नव्हता. तेव्हा छावणीतल्या नाझी कैद्यांनी त्याचा आणि त्याच्यासारख्या इतरांचा छळ मांडला. शेवटी सरकारला नाझीविरोधकांसाठी देहरादूनला वेगळी छावणी करावी लागली. १९४२ मध्ये गोविंदला तिकडे हलवले.

मामा, भाषा एकच होती. एकाच भाषेत एक जण करुणा बोलत होता आणि दुसरा वंशाचा गर्व बोलत होता. कोण काय बोलतो आहे हे ओळखायला नुसती भाषा पुरत नाही.

या बाबतीत आपल्या मराठी मुलखातल्या एका बाईचे उदाहरण मोठे आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे ऑयगेन फिशर हा मानववंशशास्त्रज्ञ त्यांचा मार्गदर्शक. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, अशी त्याची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे मांडले. गुरूच्या देशात, गुरूच्या समोर. पुढे त्याच फिशरने नाझी राजवटीची सेवा केली. नुसती जर्मन येणारी विद्यार्थिनी गुरूचे म्हणणे सुंदर जर्मनमध्ये उतरवून मोकळी झाली असती. मोजून पाहण्याची आणि नाही म्हणण्याची तयारी ही वेगळी विद्या आहे.

आणखी एक कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत एक ओळ ठरलेली असते, की आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची तरतूद आपण जर्मनीच्या वायमार संविधानावरून घेतली. आपली मुले ती ओळ पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि विसरतात. पण त्या ओळीमागची कथा कुणी सांगत नाही. १९१९ चे वायमार संविधान कागदावर फार चांगले होते. त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात राष्ट्राध्यक्षाला संकटकाळी हक्क बाजूला ठेवण्याचा अधिकार होता. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कलमाखाली नागरिकांचे हक्क स्थगित झाले. ते त्या राजवटीच्या अंतापर्यंत परत आले नाहीत. चांगले संविधान वाईट हातांत पडले तर काय होते, याचा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात इशारा दिला होता. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात सांगितले. जर्मनीचे ते वर्ष वाचलेल्या माणसाला तो इशारा अधिक खोल कळतो.

त्याच धड्यातून जर्मनांनी नव्या संविधानात एक कुलूप घातले. कितीही मोठे बहुमत असले तरी काही मूळ तत्त्वांना दुरुस्तीने हात लावता येणार नाही, असे एकोणऐंशीवे कलम सांगते. हायडेलबर्ग विद्यापीठातले अभ्यासक डीटर कोनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारसला व्याख्यान देऊन विचारले, की घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही मर्यादा आहेत की नाहीत? तो विचार आपल्या वकिलांनी उचलला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांनी निर्णय दिला, की संसदेला संविधानाची मूळ चौकट मोडता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कोनराड यांचा उल्लेख केला आहे. आज आपण सभांमधून 'संविधान बचाव' म्हणतो. ते वाचवणाऱ्या कुलपाची एक किल्ली जर्मन भाषेत घडली होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? ते सांगणारी मुलगी आपल्या विहारात उभी राहावी, असे आम्हाला वाटते.

आता व्यवहाराचे बोलू, कारण मामांचे म्हणणे आम्ही टाकून देणार नाही. घामाचा पैसा कमावणारा माणूस नोकरीचा विचार आधी करतो, त्यात चूक काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मनचे नाव निघू लागले. हे चांगलेच आहे. पण कामाला जाणाऱ्या मुलालाही करारपत्र वाचता आले पाहिजे, आजारपणाची रजा कोणत्या कायद्याने मिळते आणि कामगार संघटना कुठे भेटते हे कळले पाहिजे. नुसते 'नमस्कार, मी भारतातून आलो' एवढे जर्मन येणाऱ्याला दलाल सहज गुंडाळतो. पैसे आधी मागणाऱ्या माणसाला तर दारातूनच परत पाठवा.

विषयांची जोडी कशी जमवायची? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो. मात्र महाविद्यालयात तो शिकवला जात असला तरच. म्हणून प्रवेशाआधी लेखी विचारा. जोडी मिळाली नाही तर पदवीला राज्यशास्त्र घ्या आणि जर्मन संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गात करा. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. भाषेच्या सहा पायऱ्या असतात, ए-एक पासून सी-दोन पर्यंत. नेमाने केले तर तिसरी पायरी, म्हणजे बी-एक, साधारण वर्ष-दीड वर्षात गाठता येते. जर्मन माध्यमात राज्यशास्त्र शिकायचे तर त्याच्याही वर जावे लागते.

पुढे जर्मनीत जायचे झाले तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. राहण्या-खाण्याची सोय दाखवण्यासाठी बंद खात्यात पैसे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी कागदपत्रांची शैक्षणिक तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. बारावीनंतर लगेच सहसा थेट प्रवेश मिळत नाही, तेव्हा इथली पदवी करून जाणे सोपे. आपल्या मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राचीही आहे, पण तिच्या २०२२ च्या नियमांत भारताच्या संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळले गेले. म्हणजे आपल्याच दुःखाचा अभ्यास परदेशात करायला जाणाऱ्याची वाट अवघड झाली. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे नियम नीट वाचा.

एवढे सगळे बोलणे होईतो दिवेलागण झाली. ताई गप्प होत्या. मग त्यांनी लेकीला विचारले, "तो शब्द काय म्हणाले भाऊ? हात लावता येत नाही तो?"

मुलीने तो दोनदा म्हणून पाहिला. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा जमला. ताईंनीही म्हणून पाहिला, त्यांचा तर भलताच झाला आणि सगळे पुन्हा हसले. या वेळी मुलगीही हसली.

मामा उठता उठता म्हणाले, "राहू द्या दोन्ही. पहिल्या सत्राची फी मी बघतो. पण भाषेत नापास व्हायचं नाही, सांगून ठेवतो."

आम्ही घरी येऊन ती जुनी वही काढली. पाने पिवळी पडली आहेत. मागचे एक पान कोरे होते, त्यावर त्या मुलीचा शब्द देवनागरीत लिहून ठेवला. आमचा अर्ज राहिला तो राहिला. पण वाचकहो, तुमच्या घरात असा एखादा अर्ज वहीत पडून असेल, तर आज रात्री तो बाहेर काढा. मुलगा-मुलगी लाजत असेल तर तुम्ही जवळ बसा. नाव, गाव, पत्ता तुम्ही सांगा, त्यांना लिहू द्या.

जयभीम!